सर्व्हर परदेशात नेल्याने कायद्यातून सुटका होत नाही

नागपुरातील स्थानिक बातम्यांची पोर्टले, स्पर्धा परीक्षांच्या नोट्स देणारी संकेतस्थळे आणि हौशी ब्लॉगलेखक यांच्यात एक सल्ला सध्या एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचतो आहे. नेदरलँड्स किंवा आइसलँडसारख्या देशातील ‘ऑफशोअर’ होस्टवर, म्हणजे संकेतस्थळासाठी सर्व्हर भाड्याने देणाऱ्या परदेशी कंपनीकडे, संकेतस्थळ हलवा. मग भारतीय कायदा लागू होत नाही, कॉपीराइटच्या नोटिसांची पर्वा करावी लागत नाही, मालकाचे नाव गुप्त राहते आणि हे सगळे इथल्यापेक्षा स्वस्तात व तितक्याच वेगाने मिळते, असा त्याचा आशय आहे. यातला पहिला दावा सर्वांत घातक आहे, कारण त्यावर विसंबून माणूस एरवी तपासल्याशिवाय छापला नसता असा मजकूर बिनदिक्कत प्रसिद्ध करतो.

बदनामीचा दिवाणी दावा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ नुसार, जिथे प्रतिष्ठेला बाधा पोहोचली तिथे किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे दाखल करता येतो. लेखक धरमपेठेत राहत असेल आणि त्याचे वाचकही याच शहरात असतील, तर तो दावा नागपूरच्या न्यायालयात चालण्यास ॲमस्टरडॅममधील यंत्राची आडकाठी होत नाही. फौजदारी बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे आणि इथे बसून लिहिणाऱ्याला ते सर्व्हर कुठेही असला तरी लागू होते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९अ खाली एखादे संकेतस्थळ रोखण्याचा आदेश निघाला, तर तो इथल्या इंटरनेट सेवा पुरवठादारांमार्फत अमलात येतो; परदेशातला सर्व्हर सुरूच राहतो, पण काटोल-वरुडच्या वाचकाला पान उघडत नाही. आइसलँडच्या संसदेने २०१० साली अभिव्यक्तीच्या संरक्षणासाठी ठराव केला, ही गोष्ट खरी आणि आदराची आहे. मात्र त्या देशाचे धोरण नागपुरात राहणाऱ्या संपादकाला इथल्या समन्सपासून वाचवू शकत नाही.

कॉपीराइटबाबतच्या दाव्यात अर्धे सत्य आहे. ज्याखाली अशा नोटिसा येतात तो डीएमसीए हा अमेरिकेचा १९९८ सालचा कॉपीराइट कायदा आहे आणि युरोपातील होस्टवर तो थेट बंधनकारक नाही. पण भारत, नेदरलँड्स आणि आइसलँड हे तिन्ही देश कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात आहेत, आणि युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने फेब्रुवारी २०२४ पासून तिथल्या होस्टिंग कंपन्यांना बेकायदा मजकुराच्या तक्रारी स्वीकारण्याची यंत्रणा ठेवणे भाग पाडले आहे. शिवाय तक्रारदाराला होस्टकडे जाण्याची गरजच नसते. तो गूगलकडे अर्ज करतो आणि पान शोधनिकालांतून काढले जाते. ज्या संकेतस्थळाचे बहुतेक वाचक शोधातून येतात, त्याला हा फटका सर्व्हर बंद पडण्याइतकाच मोठा असतो. डोमेनचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचाही विचार करायला हवा. डॉट कॉमची नोंदवही व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी सांभाळते, आणि २०१२ मध्ये बोडॉग या जुगाराच्या संकेतस्थळाचे डोमेन कॅनडातील निबंधकाकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) नोंदलेले असूनही अमेरिकी यंत्रणेने व्हेरिसाइनमार्फत ताब्यात घेतले होते.

नाव गुप्त राहण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. होस्टिंगचे पैसे आपल्याच कार्डातून जातात, जाहिरातींचे पैसे आपल्याच बँक खात्यात येतात, आणि तपास यंत्रणेला माग काढायला एवढे धागे पुरतात. ‘काहीही ठेवा, आम्ही विचारणार नाही’ असे सांगणाऱ्या होस्टकडे आपले शेजारी कोण असतील, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. जर्मनीत ट्राबेन-ट्रारबाख येथील जुन्या लष्करी बंकरमध्ये चालणाऱ्या अशाच एका होस्टवर सप्टेंबर २०१९ मध्ये पोलिसांनी छापा घातला आणि तिथले सर्व्हर जप्त केले.

आता स्वस्ताई आणि वेग. परदेशी कंपनीच्या जाहिरातीतील डॉलरच्या किमतीवर कार्डाचे परकीय चलन शुल्क चढते, आणि जीएसटी नोंदणी असलेल्याला आयात सेवेवरील १८ टक्के कर रिव्हर्स चार्जखाली स्वतः भरावा लागतो. त्याहून मोठी अडचण नूतनीकरणाची आहे. रिझर्व्ह बँकेचे स्वयंचलित वसुलीचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाल्यानंतर अनेक परदेशी विक्रेत्यांची आपोआप होणारी वसुली भारतीय कार्डांवर नाकारली जाऊ लागली, आणि ही बाब वेळीच लक्षात आली नाही तर संकेतस्थळ बंद पडते. वेगाच्या बाबतीत अंतर हीच मर्यादा आहे. नागपूर ते ॲमस्टरडॅम हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ७,००० किलोमीटर असून काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका जाण्यायेण्याला किमान ७० मिलिसेकंद लागतात. सुरक्षित जोडणी उभी राहून पान यायला अशा साधारण तीन फेऱ्या होतात, आणि प्रत्यक्ष केबल काही सरळ रेषेत जात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातील केबल तुटल्या तेव्हा भारतातील इंटरनेटही मंदावले होते. सीडीएनमुळे, म्हणजे पानांच्या प्रती वाचकाजवळच्या सर्व्हरांवर ठेवणाऱ्या सेवेमुळे, चित्रे आणि तयार पाने जवळून मिळतात, पण लॉगिन, शोध आणि संपादनाचे काम मूळ सर्व्हरपर्यंतच जाते.

ज्यांचे बहुसंख्य वाचक युरोपात स्थायिक झालेले मराठी लोक आहेत, त्यांनी सर्व्हर तिथे ठेवणे रास्तच आहे. विदर्भासाठी लिहिणाऱ्याने मुंबईतील सर्व्हर घ्यावा आणि होस्टला पहिला प्रश्न बॅकअपबद्दल विचारावा. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा काही ग्राहकांच्या बॅकअपच्या प्रतीही त्याच ठिकाणी असल्याने कायमच्या गेल्या. म्हणून एक प्रत दुसऱ्या शहरात, दुसऱ्याच कंपनीकडे ठेवावी आणि तिच्यावरून संकेतस्थळ पुन्हा उभे राहते की नाही, हे अधूनमधून करून पाहावे.