कन्सोल गेमच्या खर्चाविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

कन्सोल गेमला (म्हणजे खास गेम खेळण्यासाठी बनवलेल्या यंत्रावरील गेमला) आता २० कोटी डॉलर लागतात, त्यामुळे कन्सोलवर केवळ जुन्या मालिकांचे पुढचे भागच निघतात आणि लहान चमूला तेथे वाव उरलेला नाही, असा संदेश सध्या मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातील ग्राहकांपासून ठाण्या-डोंबिवलीच्या खेळाडूंपर्यंत फिरत आहे. त्यातील आकडा मोठ्या गेमपुरता खरा असला, तरी निष्कर्ष चुकीचा आहे.

२०२३ मध्ये अमेरिकेतील न्यायालयीन कागदपत्रांतून उघड झाल्यानुसार 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या कन्सोल गेमला सुमारे २२ कोटी डॉलर आणि ७० महिने लागले, तर ऐन भरात सुमारे २०० पूर्णवेळ माणसे त्यावर काम करत होती. एवढी माणसे इतकी वर्षे राबली, की खर्चाचा मोठा भाग पगारातच जातो. एका प्रतीला ६० डॉलर या हिशेबाने, विक्रेत्याचा वाटा न धरताही, हा खर्च भरून यायला जवळपास ३७ लाख प्रती विकाव्या लागतात. म्हणून अशा रकमेवर अनोळखी कल्पनेचा जुगार खेळण्यास कंपन्या कचरतात, हे मान्य करावेच लागेल.

मात्र हे केवळ वरच्या थराचे चित्र आहे. एकट्याने घडवलेला 'स्टारड्यू व्हॅली' हा गेम २०१६ मध्येच कन्सोलवर आला आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या चमूचा 'राजी' २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर, मग प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर पोहोचला. पुणे तर आपल्याला हाकेच्या अंतरावर आहे.