आडनाव एक, म्हणून घराणं एक?

आडनाव टाकावं की जपावं, हा वाद महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा पेटतो. टाकणाऱ्यांना आडनावावरून जात ओळखली जाण्याचा जाच होतो, आणि तो खराच आहे. जपणारे कुलवृत्तांत पुढे करतात. आडनावावरून मूळ कळतंच, हे मात्र दोघंही धरून चालतात. इथं ब्रिटनमध्ये ‘ॲटनबरो’ या दुर्मीळ आडनावाचा माग काढला की ते किती कच्चं आहे हे दिसतं.

नॉटिंगहॅमजवळ ट्रेंट नदीकाठी ॲटनबरो गाव आहे. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कशाला लागेल? ते बाहेर पडलेल्याला चिकटतं, आपल्या ‘कर’सारखं, आणि नात्याचा धागा नसलेल्या दोघांनाही चिकटू शकतं. लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांच्या, बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲटनबरोंपैकी सुमारे ८७ टक्के एकाच वंशगटाचे निघाले. स्मिथसारख्या सर्रास नावात असं काही दिसत नाही. तरीही मूळ पुरुष एकच होता असं ठरत नाही. बाकीच्या मूळ पुरुषांच्या शाखा मुलगे न झाल्यानं खुंटल्या असतील. उरलेल्या १३ टक्क्यांत दत्तक, सावत्र वडिलांचं किंवा आईचं आडनाव लावलेले असू शकतात.

म्हणून कागद लागतात, आणि तेही आजकडून मागे जात. इंग्लंडमध्ये जन्म, विवाह, मृत्यूची नागरी नोंदणी १ जुलै १८३७ पासूनची. जनगणनेत जन्मगाव १८५१ पासून सापडतं. १८४१ मध्ये पंधरावरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली, म्हणजे ३९ वर्षांचा माणूस बहुधा ३५ चा दिसतो. त्याआधी चर्चच्या नोंदवह्या. शेजारच्या चिलवेल आणि टोटन गावांची माणसं ॲटनबरोच्या वहीत सापडतात. कारकून ऐकेल तसं लिही, म्हणून ‘ॲटनबरो’चं दुसरं स्पेलिंगही शोधावं. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई. वहीतला फेब्रुवारी १७०० म्हणजे आपला १७०१. सर्वांत घातक चूक वेगळीच: हव्या नावाचा बाप्तिस्मा सापडला की लगेच वंशवृक्षात जोडणं. ते मूल तान्हेपणीच गेलं असेल, म्हणून दफनाची नोंद आधी पाहावी.

एकाच नावाची दोन मुलं वेगळी काढायला इथं सर्वांत उपयोगी पडतं ते आईचं माहेरचं आडनाव. इंग्लंडच्या जन्मदाखल्यात ते १८३७ पासून आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव आलं, हे फार चांगलं झालं. पण माहेरचं आडनाव त्यात नाही. वाद घालायचाच तर जन्मनोंदीत तेवढा एक रकाना मागावा, आणि कुलवृत्तांत छापणाऱ्यांनी पुरावा नसलेली शाखा वेगळीच ठेवावी.