टोपी, चष्मा आणि मी

मी घोरत नाही. गेली वीस वर्षं रोज सकाळी हे वाक्य मी म्हणत आलोय, आणि आता त्यावरून माघार घेण्याची वेळ केव्हाच निघून गेली आहे. त्यामुळे घोरण्यावर उपाय शोधायचे, तर ते गुपचूपच शोधणं भाग होतं. ब्राउझरच्या कोपऱ्यात तीन टिंबं असतात, त्यांवर बोट ठेवलं की ‘नवीन गुप्त टॅब’ असं निघतं. ठेवलं बोट. पान काळं झालं, टोपी-चष्मा घातलेला एक बिनचेहऱ्याचा इसम अवतरला आणि मी निर्धास्त झालो. आत शिरणं इतकं सोपं होतं की बाहेर कसं पडायचं हा प्रश्नच पडला नाही. तो पडायला तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांत मी अधिकच्या चिन्हावर टिचकी मारमारून तिथेच नवनवी पानं उघडत होतो. बिलं भरली, तिकिटं काढली, बातम्या वाचल्या. सगळं काळ्या पडद्याआड. ज्या वेबसाइटवर माझी वर्षानुवर्षं ये-जा, ती ओळख दाखवेना. नाव सांगा, पासवर्ड सांगा, ओटीपी सांगा. ज्या कुकींना मी पूर्वीच हो म्हणून मोकळा झालो होतो, त्या पुन्हा दारात उभ्या. परवाच वाचलेला एक लेख हवा होता म्हणून हिस्टरी उघडली, तर त्या लेखाचा मागमूस नाही. लेखाचाच काय, माझाही नाही. फोनच्या मते तीन आठवड्यांपूर्वी एका सोमवारी मी जे बाहेर पडलो, तो परतलोच नव्हतो.

पान काळं आहे म्हणजे डार्क मोड चालू असणार, असं मी ठरवलं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन तो बंद केला. क्षणात अख्खा फोन पांढराफटक झाला, डोळे दिपले. काळा राहिला तो एवढा ब्राउझर. मग मी त्याच काळ्या पानावर ‘गुप्त मोड कसा बंद करावा’ हे शोधलं. उत्तर छान होतं, पायऱ्यांसकट होतं, फक्त दुसऱ्या जातीच्या फोनचं होतं. ते पान बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी तेच उत्तर पुन्हा शोधायला बसलो, कारण काल कुठे वाचलं होतं हे सांगायला हिस्टरीत काही नव्हतं.

शेवटी भाच्याला फोन लावला.

“मामा, वरती टोपी आणि चष्मा दिसतोय का?”

“कुणाचा?”

“दिसतोय का ते सांग.”

“दिसतोय.”

पलीकडे जरा शांतता. मग अतिशय सभ्य आवाजात, “तू इनकॉग्निटोत, म्हणजे गुप्त टॅबमध्ये आहेस. कशासाठी गेला होतास?”

या प्रश्नाला निरपराध माणसाकडे उत्तर नसतं. २००५ साली सफारी ब्राउझरमध्ये ही सोय पहिल्यांदा आली आणि २००८मध्ये क्रोमने ती टोपी-चष्म्यासकट आणली, तेव्हापासून ‘बायकोसाठी भेटवस्तू शोधत होतो’ हे एकच उत्तर जगभर दिलं जात असावं. मीही तेच दिलं.

“बरं,” तो म्हणाला. विश्वास ठेवला नाही हे ‘बरं’वरून कळलं. “स्क्रीनशॉट पाठव.”

स्क्रीनशॉट निघेना. गुप्त पानाचा स्क्रीनशॉट घेता येत नाही, असं फोनने मलाच ऐकवलं. फोन माझा, पान माझं, गुपितही माझंच. मग हिचा फोन घेतला आणि त्यातून माझ्या फोनचा फोटो काढला. समोर नेमकं ते घोरण्याचंच पान होतं. मी काही दूधखुळा नाही. मथळ्यावर अंगठा ठेवला आणि मगच फोटो टिपला.

“अंगठा छान आलाय,” भाच्याचं उत्तर आलं. मग त्याने समजावलं, की बंद करायचं बटण असं काही नसतंच. या दोन वेगळ्या खोल्या आहेत. वर चौकोनात आकडा दिसतो तो दाबायचा, टोपीवरून साध्या टॅबच्या चिन्हावर जायचं, की आलो आपल्या खोलीत. आणि टोपीकडचं सगळं मिटवायचं, तर वरून नोटिफिकेशनचा पडदा खाली ओढायचा. ‘सर्व गुप्त टॅब बंद करा’ अशी सूचना तिथे असते. होती. तीन आठवडे होती. जाहिरातींच्या गर्दीत मी रोज तिच्या तोंडावर पडदा लोटत होतो.

“पण तोवर कुणाला काही दिसलं नसेल ना?” मी विचारलं.

“वेबसाइटला तू आलेला कळतोच. नेट पुरवणाऱ्या कंपनीला कुठल्या साइटवर गेलास ते कळू शकतं, ऑफिसचं वायफाय असेल तर ऑफिसलाही. बुकमार्क केलं असशील तर ते राहतं. डाउनलोड पण राहतं.”

म्हणजे तीन आठवडे हे लपलं होतं कुणापासून, तर माझ्यापासून! आणि डाउनलोड म्हटल्यावर काळजात धस्स झालं. फाइलींमध्ये पाहिलं, तर ‘घोरणे: कारणे व उपाय’ ऐटीत पहिल्याच ओळीत. उडवली. साध्या खोलीत गेलो. त्या सोमवारी अर्धवट सोडलेलं हवामानाचं पान अजून माझी वाट बघत होतं. वेबसाइटनी नावानिशी स्वागत केलं. गहिवरून आलं, खोटं का सांगू.

रात्री ही आपल्या फोनमधले फोटो चाळत होती. मध्येच थांबली.

“हा अंगठा कुणाचा?”

“माझा. टोपीचा फोटो काढत होतो.”

तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, मग अंगठ्याच्या खाली सरकवला. मथळा झाकला होता, मुद्दे नव्हते.

“‘तीन. पाठीवर न झोपता कुशीवर झोपावे,’” तिने स्वच्छ आवाजात वाचलं. “वीस वर्षं कोपर मारून मी वेगळं काय सांगतेय?”