नाक्यावरच्या काकांना ‘ए म्हाताऱ्या’ म्हणणाऱ्या चौघांनो

सकाळपासून डोकं भणभणतंय. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

आज खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडून येताना पाऊस आंधळा करून सोडत होता, म्हणून जंगलाच्या नाक्याजवळ गाडी बाजूला घेतली. पुढं बेळगावची एक गाडी उभी होती. आत चार पोरं, धबधब्याला निघालेली, मागच्या सीटवर बाटल्यांचा खोका. नाक्यावरचे वॉचर, म्हणजे वनखात्याचे राखणदार, काका साठीकडं झुकलेले, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पायात झिजलेली स्लीपर. शांतपणे म्हणाले, “बाटल्या इथं ठेवा, परत जाताना घेऊन जावा.” एवढंच. तर त्यातला एक काच खाली करून, “ए म्हाताऱ्या, तुला काय अधिकार हाय गा? बोलाव तुझ्या साहेबाला!”

काका काही बोलले नाहीत. आडव्या बांबूची दोरी धरून तसेच पावसात उभे राहिले. शिवी आपल्याच मराठीत आली, ते जास्त लागलं मला.

माझा मामा वॉचर होता. बावीस वर्षं, रोजंदारीवर. वनखात्यात रेंजर, त्याच्या खाली उपरेंजर, मग बीटचा, म्हणजे नेमून दिलेल्या टापूचा, गार्ड, इथपर्यंत खाकी असते. त्याच्याही खाली मामासारखा रोजंदारीवरचा वॉचर. त्याला खाकी नाही, नोकरी कायम नाही, पण वाट त्यालाच ठाऊक. भीमगड अभयारण्य जाहीर झालं २०११ साली. सुमारे १९० चौरस किलोमीटरचं ते जंगल मामा त्याच्या आधीपासून पायांनी मोजत होता. पट्टेरी वाघाचा माग कुठला, बिबट्याचा कुठला, अस्वलानं वारूळ कधी उकरलंय, सगळं मातीकडं बघून सांगायचा. दर चार वर्षांनी देशभर वाघ मोजतात. पेपरात आकडा येतो, साहेबांचा फोटो येतो. पहाटे उठून मोजणीसाठी आखलेली रेघ पायांनी चालणारा माणूस कुणाला दिसतो का?

एक रात्र मला विसरता येत नाही. मार्च महिना, काजूचे दिवस. कुणीतरी विडी टाकली असणार, पाचोळा पेटला. आग पसरू नये म्हणून जानेवारीत खरडून काढलेली जाळरेषा वाऱ्यानं ओलांडली. पाच माणसं, हातात हिरवे डहाळे, बस्स. बीटचा गार्ड विजापूरकडचा, कोवळा पोर, त्याचा इथला पहिला उन्हाळा. तो कानडीत ओरडतोय “बेंकी! बेंकी!”, म्हणजे आग, मामा ओरडतोय “वणवा, खालनं मार, खालनं!” दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण रात्रभर एकाच रेषेवर खांद्याला खांदा लावून आग बडवली. पहाटे मामा घरी आला तेव्हा भुवया जळालेल्या, तळहात फोडांनी भरलेले. मामीनं खोबरेल तेल लावलं. भाकरी पुढ्यात ठेवली तर त्याला ती मोडता येईना. मामीनं घास भरवले. मी दारात उभा होतो, सातवीत असेन.

त्या दिवशी दुपारी तो परत गेला. धुमसणारी खोडं राहिलेली म्हणून.

आणि पगार? चार-चार महिने थकायचा. “वरनं आला नाही” एवढं एकच उत्तर. भाकरी मोडता न येणारे ते हात सही करायला मात्र बोलवायचे, बरं का! कसला विमा, कसलं पेन्शन. मेला तर रोजंदारीवरचा माणूस, नाव पण कुठं लागत नाही. ११ सप्टेंबरला वनहुतात्मा दिन पाळतात, फुलं वाहतात. फुलं वाहा, पण जिवंत आहेत त्यांना आधी बूट द्या!

हो, मान्य आहे, अभयारण्यातल्या गावांना धड रस्ता नाही, पावसाळ्यात आजारी माणूस खांद्यावरून आणावा लागतो. गवे भात तुडवतात आणि भरपाईला खेटे घालावे लागतात, तेही खरं. पण तो राग दोरी धरलेल्या माणसावर काढायचा? तो त्याच गावचा आहे. त्याचंही भात तुडवलं जातं.

आपण खानापूरच्या घाटावर मलप्रभेत पाय सोडून बसतो. ती कणकुंबीत उगम पावते. म्हादई देगावच्या रानातून निघते. म्हादईच्या पाण्यावरून आपण इथं रोज भांडतो, मोठमोठ्या पोस्टी टाकतो. ते रान उन्हाळ्यात रात्रभर डहाळ्यानं कोण राखतं, ते एका पोस्टीत कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही. भीमगडातल्या बारापेडेच्या गुहेत जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारं वटवाघूळ राहतं. तेही मला पहिल्यांदा मामानंच सांगितलं. “आमच्याकडं हाय, दुसरीकडं बघाय मिळत न्हाई,” असं म्हणताना घरातलं सोनं दाखवल्यासारखा चेहरा व्हायचा त्याचा.

गाडी निघून गेल्यावर मी काकांजवळ गेलो. काय बोलावं सुचेना. मामाचं नाव सांगितलं. त्यांनी ओळखलं. “भला माणूस,” म्हणाले, आणि दोरी डाव्या हातात घेऊन उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला. तळहात खरखरीत, मामासारखाच.

त्या चौघांपैकी कुणी हे वाचत असेल तर बाबा, एकदा जाऊन ‘काका, चुकलं’ म्हण. मी रविवारी सकाळी जातोय. गमबूट आणि एक चांगली बॅटरी घेऊन. त्यांना आठ नंबर लागतो, विचारून घेतलंय. नाक्यावर आणखी तिघं असतात, त्यांच्यासाठी कुणाला काही द्यायचं असेल तर शनिवारपर्यंत फोन करा.