सर्वांना आवडेल असा संप कसा करावा

संप करायचं मनावर घेतलंय म्हणता? चांगलं आहे. या देशात संपाला कुणाचाच विरोध नाही. मालकांचा नाही, सरकारचा नाही, तुमच्या सोसायटीच्या चेअरमनचा तर मुळीच नाही. विचारून बघा कुणालाही. ‘कामगारांच्या मागण्या रास्तच आहेत हो,’ असंच म्हणतील, मग जरा थांबून ‘पण’ म्हणतील. तुमचा संप त्या ‘पण’च्या अलीकडे आटोपला पाहिजे. तो कसा आटोपायचा, तेवढंच मी सांगतो.

आधी नोटीस. पूर्वी रेल्वे, वीज, पाणी असल्या लोकोपयोगी सेवांतल्या माणसांनाच कायद्यानं संपाआधी नोटीस द्यावी लागायची. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात तशी सोय होती. बेअरिंगच्या कारखान्यातल्या माणसाचं डोकं फिरलं तर तो सकाळच्या पाळीला गेटबाहेरच बसू शकत होता. हा भेदभाव आता मिटला. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, जुने 29 कायदे त्यांच्या पोटात गेले आणि औद्योगिक संबंध संहितेच्या कृपेनं बेअरिंगवाल्यालाही रेल्वेची प्रतिष्ठा मिळाली. आता सगळ्यांनीच नोटीस द्यायची, निदान 14 दिवस थांबायचं आणि 60 दिवसांच्या आत संपाला बसायचं. नाहीतर नोटीस शिळी होते, नवी टंकून आणावी लागते.

हे 14 दिवस वाया जातात असं समजू नका. तेवढ्यात मालकाला गोदाम भरून ठेवता येतं, ठेकेदाराला दुसऱ्या जिल्ह्यातून दोन बस भरून पोरं आणता येतात आणि नोटिशीवर पहिली सही कुणाची आहे, हे एचआरला शांतपणे वाचता येतं.

नोटिशीची प्रत समेट अधिकाऱ्याला जाते. इथून पुढचा भाग नीट वाचा, कारण तुमच्या संपाचं सगळं सौंदर्य इथं आहे. नोटीस मिळाल्यावर अधिकारी दोन्ही बाजूंची बैठक लावतात. पहिली बैठक झाली की समेटाची कार्यवाही सुरू झाली असं कायदा मानतो. आणि समेटाची कार्यवाही चालू असताना, शिवाय ती संपल्यावर सात दिवस, संप बेकायदा. प्रकरण तिथून न्यायाधिकरणात गेलं, तर तिथलं कामकाज चालू असेपर्यंत आणि पुढे 60 दिवस पुन्हा बेकायदा. थोडक्यात, कायदेशीर संपासाठी नोटीस हवी, नोटीस दिली की बैठक होणार आणि बैठक झाली की संप करता येणार नाही. हे ज्यांनी लिहिलं त्यांना संपाचा किती कळवळा असेल! कुणाच्या हातून चुकूनसुद्धा तो होऊ नये, इतका.

बैठकीला जाताना डबा न्या. दोनची वेळ असते, साडेतीनला बोलावतात. तुमच्या बाजूचे पाचजण लाकडी बाकड्यावर, त्यातल्या दोघांची आजची रजा बिनपगारी. समोर कंपनीचे वकील, त्यांना या बैठकीचे वेगळे पैसे मिळतात म्हणून ते जरा ताजेतवाने दिसतात. ते म्हणतात, ‘साहेब, मॅनेजमेंट पॉझिटिव्ह आहे, फक्त इन्स्ट्रक्शन घ्यायला वेळ हवा.’ साहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात, मग वकिलांच्या मोबाइलमधल्या कॅलेंडरकडे बघतात आणि दोन्हींत मोकळी असलेली तारीख देतात. तुमच्या कॅलेंडरकडे बघायची गरज पडत नाही. तुम्ही रोजच कामावर असता.

आता तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, संप नकोच, सगळे मिळून एक दिवस किरकोळ रजा टाकू. टाका. पण एकूण कामगारांतल्या निम्म्या किंवा जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर नव्या संहितेत तिला संपच म्हणतात. तेव्हा 49 टक्क्यांनी रजा घ्या आणि उरलेल्यांनी मशिनवर उभं राहून त्यांना मनातल्या मनात पाठिंबा द्या. ठाण्या-मुंबईच्या कारखान्यांत निम्मी पाळी रत्नागिरी-सिंधुदुर्गची असते, त्यांनी गणेशचतुर्थीला विशेष जपावं. गावी जाण्याचं आपण ठरवलेलं नाही, बाप्पाच्या मनात आलं म्हणून एकाच दिवशी इतक्या जणांना कोकणकन्येचं तिकीट मिळालं, असं सांगता आलं पाहिजे. कोकणकन्येचं तिकीट मिळालं म्हटल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, ही गोष्ट वेगळी.

इतकं सांगूनही बेकायदा संप केलातच, तर दंड एक हजारापासून दहा हजारांपर्यंत, किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्याला भरीला घातलंत तर दंड दहापासून पन्नास हजारांपर्यंत, म्हणजे संप करण्यापेक्षा संपाबद्दल बोलणं महाग. आणि दहा किंवा अधिक जण संगनमतानं, नोटीस न देता गैरहजर राहिले, तर मालक प्रत्येकाचा आठ दिवसांपर्यंतचा पगार कापू शकतो. हा हिशेब बराच जुना आहे, चारांतल्या वेतन संहितेनं तो प्रेमानं सांभाळलाय. एक दिवस काम केलं की एक दिवसाचे पैसे, एक दिवस नाही केलं की आठ दिवसांचे. आपल्या एका दिवसाची खरी किंमत कामगाराला समजावी, म्हणून असेल.

नव्या कायद्यावर फार चिडू नका, कल्पना आपल्याच मुंबईत फार पूर्वी सुचलेली आहे. 1938 साली मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारनं औद्योगिक विवाद विधेयक आणलं. त्यातही आधी समेट, तोवर संप गुन्हा. विधिमंडळात बाबासाहेब आंबेडकर त्यावर तुटून पडले. याला कामगारांचं नागरी स्वातंत्र्य स्थगित करणारा कायदा म्हणा, असं त्यांनी सुचवलं आणि संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव, असंही सांगितलं. त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि एरवी त्यांच्याशी फारसं न जमणारे कम्युनिस्ट, दोघांनी मिळून 7 नोव्हेंबर 1938 ला एक दिवसाचा संप केला. विधेयक तरीही मंजूर झालं. आता सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर फुलं वाहायला सगळ्या पक्षांचे नेते जातात, त्या भाषणांत या विधेयकाचा विषय काढू नये. वातावरण पवित्र असतं.

बरं, हे सगळं तुम्ही कामगार असाल तर. त्याची आधी खात्री करून घ्या. पगार 18 हजारांच्या वर आणि काम देखरेखीचं असेल, तर संहितेच्या दृष्टीनं तुम्ही कामगार नाही. अभिनंदन! हाताखाली दोन माणसं आणि खिशाला पेन लावून देण्याचा हा फायदा असतो. चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात असाल तर हेल्मेटचा रंग बघा. एकाच लाइनवर, एकाच नट-बोल्टला, एकाच पान्यानं पिळणारे तिघेजण असतात. एक पर्मनंट, एक कंत्राटी, एक ट्रेनी. पर्मनंट संप करू शकतो, पण त्याच्या घराचा हप्ता असतो. कंत्राट्याचा मालक कोण, यावर कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि ठेकेदाराचा फोन स्विच ऑफ असतो. त्यामुळे संप नेमका कुणाविरुद्ध करायचा ते ठरेपर्यंत त्याचा गेटपास बंद होतो. ट्रेनी तर शिकायलाच आलाय. तीन वर्षं तोच बोल्ट पिळून शिकतोय, बोल्ट अवघड असावा.

घरोघरी डबे आणि किराणा पोचवणारे असाल तर तुमची बढती आणखी वरची. तुम्ही पार्टनर. भागीदारानं भागीदाराविरुद्ध संप करायचा नसतो, त्याला फार तर मनस्ताप म्हणतात. ॲप बंद करून घरी बसा, कुणी अडवणार नाही. दुसऱ्या दिवशी आयडी उघडला नाही तर तोही तुमच्या भागीदाराचा मनस्तापच समजा.

पण या सगळ्यांत मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो अंगणवाडी सेविकेबद्दलच्या शासकीय विचाराबद्दल. ती पोरांना खिचडी वाढते, वजनं करते, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवते, वर मोबाइलमधल्या ॲपमध्ये तेच सगळं पुन्हा भरते. ती कर्मचारी आहे का? छे, ती मानसेवी. तिला पगार नसतो, मानधन असतं. पगार मागायला गेलं की ती स्वयंसेवा करते. मार्च 2018 मध्ये मात्र याच बायकांना मेस्मा लावला गेला. मेस्मा म्हणजे अत्यावश्यक सेवा अबाधित राखण्याचा कायदा. विधिमंडळात गदारोळ झाल्यावर त्याला स्थगिती दिली, पण तत्त्व तेवढं लख्ख उजेडात आलं. पैसे द्यायच्या दिवशी ती हौशी असते आणि काम थांबवायच्या दिवशी अत्यावश्यक. एकाच बाईला दोन्ही मान.

सरकारी नोकरीत असाल तर तुमचं काम सोपं आहे. 2003 साली तमिळनाडू सरकारनं संपावरच्या दीड लाखाहून जास्त कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी पाठवलं. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं, की सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत हक्क नाही, कायदेशीर नाही आणि नैतिकही नाही. पहिल्या दोन गोष्टी वकिलांनी बघाव्यात. नैतिक नाही म्हटल्यावर घरीसुद्धा बोलायची सोय उरली नाही.

मग करायचं काय? आपल्याकडे उपाय आहे आणि तो भारतीय बनावटीचा आहे. काळ्या फिती लावून काम. उत्पादन पूर्ण, निषेध पूर्ण. फीत मात्र स्वतःच्या पैशानं आणा आणि मशिनमध्ये अडकणार नाही अशी बांधा, सेफ्टी ऑफिसर रागावतात. यावर तुमचे थोरले काका जपानची गोष्ट सांगतील. जपानात म्हणे कामगार संपावर गेले की दुप्पट काम करतात, किंवा एकाच पायाचे बूट बनवतात. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात किमान एका माणसाला माहीत असते. ती माहीत नसलेली माणसं बहुधा जपानातच सापडतील, कारण तिथल्या सरकारी रेल्वेच्या कामगारांनी 1975 मध्ये आठ दिवस गाड्या बंद ठेवल्या होत्या, आणि मागणी काय, तर आम्हाला संपाचा हक्क द्या! काकांना हे सांगू नका. त्यांचा जपानवरचा विश्वास उडाला तर ते सिंगापूरकडे वळतील.

जनतेची सहानुभूती सांभाळा. जनता म्हणजे काकाच. एसटीचा चालक एरवी त्यांना दिसत नाही, आरशातले त्याचे डोळे तेवढे दिसतात. ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 गाड्या बंद राहिल्या, तेव्हा तो पहिल्यांदा आख्खा दिसला आणि त्याचा पगार किती कमी आहे हेही कळलं. ‘इतक्या पगारात हे लोक करतात तरी कसं,’ असं काका हळहळले आणि त्याच दमात ‘बडतर्फ करा एकेकाला’ म्हणाले. पोरांना शाळेसाठी पाच-पाच किलोमीटर चालावं लागलं, हे खरंच वाईट झालं. संपात गरिबाचेच हाल आधी होतात, हा आक्षेप खोटा नाही. फक्त तो घेणाऱ्यांनी एरवी त्या पोरांच्या एसटीसाठी काय केलं, हे विचारू नये, बोलणं वाढतं.

काका ही सगळी मतं रविवारी सकाळी लिहून पाठवतात. रविवारीच, कारण तेव्हा सुट्टी असते. ती सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे नावाच्या माणसानं 1884 पासून गिरणी कामगारांच्या सभा भरवून, हजारोंच्या सह्या गोळा करून 1890 मध्ये मिळवली, हे त्यांना आज सांगायला नको. एखाद्या कंपनीचे अध्यक्ष आठवड्याला 90 तास काम करा म्हणतात, रविवारी घरी बायकोकडे किती वेळ बघत बसणार असं विचारतात, तेव्हा काकांनाही क्षणभर वाटतं, की माणसानं असं बोलू नये. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेता येईल असं ठरवलं, तेव्हा मात्र वाटलं नाही. आठवड्याचे तास तेच राहणार आणि ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती घेणार, म्हणे. नोकरी लागताना वीस कागदांवर सह्या घेतात, तिथं एकवीस.

शेवटचं, बेशिस्त संप कसा असतो त्याचा नमुना म्हणून 18 जानेवारी 1982 आठवा. मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार. त्यांना दत्ता सामंत हवे होते. कायद्यानं त्यांच्या वतीनं बोलायचा अधिकार होता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, कारण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात मान्यता एकाच संघटनेला. तुम्हाला कोण आवडतं, असा प्रश्न त्या कायद्यात नव्हता. संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही, म्हणजे कागदोपत्री तो अजून चालू आहे. गिरण्या संपामुळे बुडाल्या असं तुम्ही शाळेपासून ऐकलं असेल. तसंच म्हणत जा. गिरणीखालची जमीन गिरणीपेक्षा कितीतरी महाग झाली होती, 1991 च्या नियमात तिचा एक तृतीयांश मोकळ्या जागांना आणि एक तृतीयांश घरांना द्यायचा होता, 2001 मध्ये तो हिशेब फक्त आधीच रिकाम्या असलेल्या तुकड्यापुरता उरला, असलं काही बोलू नका. परळच्या मॉलमध्ये एसी चांगला आहे. गिरणी कामगारांनाही घरं देतोच आहोत, शेलू आणि वांगणीला. परळपासून लोकलनं काय, एक झोप.

तेव्हा आता लांबण लावत नाही. सर्वमान्य मसुदा खाली देतोय, नाव घालून वापरा.

‘प्रति, मा. व्यवस्थापक साहेब. विषय: संपावर जाण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून नम्रपणे विनंती करतो की, आम्ही खाली सह्या करणारे (एकूण कामगारांच्या 49 टक्के) आपल्या सोयीच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, अर्धा तास संपावर जाऊ इच्छितो. घोषणा मनात देण्यात येतील. सदर अर्ध्या तासाचे काम पाळी संपल्यावर भरून देण्यात येईल. आमची मागणी अद्याप ठरलेली नाही, ती आपणच सुचवावी. कळावे, आपले आज्ञाधारक.

ता. क. त्या दिवशी ऑर्डरची घाई असल्यास संप पुढच्या महिन्यात घेऊ.’