पिकअपचा पिकअप

गॅरेजच्या मराठीत 'पिकअप' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे मागे हौदा असलेली गाडी. दुसरा म्हणजे पाय दाबला की त्या गाडीच्या अंगात येणारा जोर. गाडी जुनी झाली की पहिला पिकअप दारात उभा राहतो आणि दुसरा गायब होतो. "पिकअपला पिकअप नाही" हे वाक्य मिस्त्रीसमोर म्हणून पाहा. त्याला त्यात काडीचाही विनोद दिसत नाही. हात पुसत तो एवढंच विचारतो, "शेठ, मिसिंग मारते का?"

मारते ना. मिसिंग म्हणजे इंजिनच्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटायचं मधूनमधून चुकणं. पण कधी मारते, ते महत्त्वाचं. पुण्याच्या मार्केट यार्डातून रिकामी निघालेली गाडी स्वारगेटपर्यंत पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयासारखी सभ्य वागते. तीच गाडी पंधरा पोती कांदा घेऊन नवले पुलावरून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढायला लागली की खोकते, हिसके देते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावून मोकळी होते. इंधन पेटवणारी ठिणगी टाकतो तो स्पार्क प्लग, आणि त्याला व्होल्टेज पुरवते ती त्याच्या डोक्यावर बसलेली कॉइल. सिलिंडरमधला दाब जितका जास्त, तितकं ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं. रिकाम्या गाडीत, सपाटीवर, दमलेली कॉइल वेळ मारून नेते. भार, चढ आणि तळाला टेकलेला ॲक्सिलरेटर हे तिन्ही एकत्र आले की तिचं पितळ उघडं पडतं.

अशा वेळी शेजारून डिझेलचा पिकअप हॉर्न देत पुढे जातो. त्याच्या मालकाला सहानुभूती नसते, कारण त्याच्याकडे स्पार्क प्लगच नाही. डिझेल नुसत्या दाबाच्या उष्णतेने पेट घेतं. त्याचा हीटर प्लग थंडीत इंजिन चालू करण्यापुरता. हा दुखणाईतपणा पेट्रोलवाल्यांचा, त्यातही ज्यांनी पैसे वाचवायला सीएनजी बसवला त्यांचा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते. म्हणजे पंपावर वाचलेले पैसे प्लग आणि कॉइल हप्त्याहप्त्याने परत घेतात. साधा निकेलचा प्लग पेट्रोलवर 30 ते 40 हजार किलोमीटर जातो. सीएनजीवर मी त्याच्या निम्म्यातच काढून पाहतो.

निदानासाठी याच गोष्टीचा फायदा होतो. गाडी पेट्रोलवर नीट चालते आणि सीएनजीवर मिसिंग मारते, तर पहिला संशय प्लग-कॉइलवर. उलट असेल तर पेट्रोलच्या बाजूचे इंजेक्टर, पंप वगैरे बघा.

छोट्या पिकअपमध्ये बहुधा इंजिन सीटखाली असतं, त्यामुळे हे काम म्हणजे आधी घर आवरणं. सीट उचलली की खालून टोलच्या पावत्या, बडीशेपेची पुडी, वर्षापूर्वी हरवलेला दहा नंबरचा पाना आणि उंदराने कुरतडलेल्या वायरची साल निघते. (वायर कुरतडली असेल तर इथेच थांबा. तुमची कॉइल कदाचित निर्दोष आहे.) आणि सीट उचललेली गाडी पेठेत उभी असली की पाच मिनिटांत सल्लागार समिती जमते.

या समितीचं सगळं ज्ञान स्कूटरवरचं आहे. एक काळ पुण्यात घरटी एक स्कूटर होती आणि ती चालू झाली नाही की एकच संस्कार असे: आडवी करा, प्लग काढा, पॉलिश पेपरने घासा, फुंकर मारा, परत लावा. "काका, हा इरिडियमचा आहे, घासायचा नसतो," असं म्हटलं की काका तुमच्याकडे धर्म बुडाल्यासारखं बघतात. इरिडियमच्या प्लगचं मधलं टोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. पॉलिश पेपर त्याचं श्राद्ध घालतो. साधा प्लगही घासू नये, कारण कागदाची रेती पोर्सेलिनला चिकटते आणि इंजिनात जाते. पण हे बोलून दाखवायचं नाही. काकांना टॉर्च धरायला द्यायचा. धरणारा माणूस कमी बोलतो.

नेमकी कॉइल कोणती गेली, हे मात्र समितीच्या मतदानावर ठरवू नका. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावला की गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड दिसतो. पी 0300 म्हणजे मिसिंग आहे, पण एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. पी 0302 म्हणजे दोन नंबरचं सिलिंडर. आता लगेच कॉइल आणायला धावू नका, कारण कोड सिलिंडर सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. दोन नंबरची कॉइल तीनवर लावा, तीनची दोनवर. कोड पुसा, गाडी चालवा. पी 0303 आला तर कॉइलच गेलीय. पुन्हा पी 0302 आला तर तशीच प्लगची अदलाबदल करा. तरीही दोनच नंबर रडत असेल तर इंजेक्टर, नाहीतर कॉम्प्रेशन, आणि मग खिशाची मानसिक तयारी. या अदलाबदलीला एक पैसा पडत नाही. बहुधा म्हणूनच ती कोणी करत नाही.

एक पथ्य पाळा. चालू इंजिनवर कॉइल उपसून 'ठिणगी बघू' हा प्रकार नको. 12 व्होल्टचे 20 ते 40 हजार व्होल्ट करणारी वस्तू आहे ती, आणि शेजारी गॅसची नळी आहे. आणि पिवळा दिवा नुसता लागण्याऐवजी मिचकावत असेल तर चढ सोडा, भार सोडा, गाडी बाजूला घ्या. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो लालबुंद होतो. प्लग शे-दोनशेचा, कॉइल हजार-दोन हजारांची, कन्व्हर्टर पाच आकडी. झिजलेल्या प्लगची फट वाढते, वाढलेली फट ओलांडायला कॉइल जास्त दमते, दमलेली कॉइल जाते आणि जाताना कन्व्हर्टरला सोबत नेते. एकत्र कुटुंबपद्धती, दुसरं काय!

खरेदीला नाना पेठेत. तिथल्या काउंटरवर तीन प्रश्न येतात: "गाडी कुठली? साल कुठलं? जुना आणलाय?" तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर पहिली दोन उत्तरं वाया गेली असं समजा. जुना प्लग न्यायचाच, कारण आट्यांची लांबी, षटकोनाचं माप आणि हीट रेंज (प्लग स्वतःची उष्णता किती झटपट बाहेर टाकतो ते) या तिन्ही गोष्टी जुळायला लागतात. हीट रेंजचा आकडा हा स्वतंत्र छळ आहे. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग 'थंड', बॉशमध्ये आकडा वाढला की 'गरम'. एकाचा आकडा दुसऱ्याच्या खोक्यावर शोधणारा माणूस भलताच प्लग घेऊन घरी येतो. आणि जुने मिस्त्री अजून 'मायकोचा द्या' म्हणतात, तेव्हा गोंधळू नका. मायकोचं नाव 2008 साली बॉश झालं, तोंडातलं जायला वेळ लागतो.

डुप्लिकेट ओळखायचा तर खोक्यापेक्षा प्लग बघा. आटे खरबरीत, पोर्सेलिनवरची छपाई बोटाने पुसली जाणारी, मधला इलेक्ट्रोड वरच्या काट्याच्या बरोबर खाली नसलेला, असा प्लग तसाच परत सरकवायचा. प्लग नेहमी चारही घ्यावेत. कॉइलबाबत मी गेलेली एक बदलतो आणि एक जादा घेऊन ठेवतो. चारही बदला म्हणणाऱ्याचं अगदीच चूक नाही, कारण चौघींनी एकाच भट्टीत सारखीच वर्षं काढलेली असतात. महिन्याभरात दुसरी गेली तर मग उरलेल्या दोघींना संधी देत बसू नये.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण गार हवं. संध्याकाळी फेरी मारून आलेली गाडी असेल तर सकाळीच हात घाला. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातून, पोलादी प्लग ओढला की प्लगबरोबर हेडमधले आटेही बाहेर येऊ शकतात. बॅटरीची निगेटिव्ह काढा. कॉइलचा कनेक्टर उष्णतेने बिस्किटासारखा झालेला असतो. त्याचं लॉक नखाने हळू दाबून मगच सोडवा, वायर धरून ओढू नका. दहा नंबरचा बोल्ट काढल्यावर कॉइल सरळ उपसायची नाही. आधी थोडी डावी-उजवी फिरवायची, म्हणजे चिकटलेलं रबर सुटतं. नाहीतर कॉइल हातात आणि रबराचं बूट खाली विहिरीत.

प्लग खोल विहिरीतच असतो, आणि त्या विहिरीत धूळ, वाळू आणि सर्व्हिसिंगच्या फवाऱ्याचं पाणी साठतं. प्लग काढण्याआधी हवा मारा. आधी काढलात तर तो सगळा ऐवज सिलिंडरमध्ये. विहिरीत ऑईल दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा प्लग ट्यूबचं सील गेलंय. ते न बदलता नवी कॉइल घातली तर ऑईल तिचंही रबर फुगवणार आणि तुम्ही पुन्हा नाना पेठेत.

सोळा नंबरचा प्लग सॉकेट एक्स्टेन्शनला लावून खाली सोडा, सरळ. तिरका बसला तर पोर्सेलिन तडकतं. अडला तर पाव फेरा सोडा, गंज सोडवणारं तेल मारा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा थोडा कसा, पुन्हा थोडा सोडा. मग एक क्षण असा येतो की प्लग सुटला हे हाताला कळतं, तुम्ही विजयाने एक्स्टेन्शन वर खेचता आणि वर नुसतं एक्स्टेन्शन येतं. सॉकेट खालीच. आतल्या रबराने त्याने प्लगला अशी मिठी मारलेली असते की एक्स्टेन्शनच्या टोकावरची ती चिमुकली गोळी हार मानते. एक्स्टेन्शन पुन्हा घाला, टक् आवाज येतो, आशा वाटते, वर घ्या, पुन्हा रिकामं. इथे काका टॉर्च हलवून विचारतात, "काय, अडकलं?" उपाय आधीच करायचा असतो: सॉकेट आणि एक्स्टेन्शनच्या सांध्यावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे. नंतर उरतो तो लांब चिमटा.

निघालेले प्लग वर्तमानपत्रावर एक ते चार असे ओळीने मांडा. फिकट तपकिरी टोक म्हणजे सगळं ठीक, सीएनजीवर ते जरा पांढुरकंच दिसतं. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त. ओलं, तेलकट काळं म्हणजे इंजिन ऑईल पितंय. टोकाला फोड आलेला पांढराफटक प्लग म्हणजे इंजिन तापतंय किंवा हीट रेंज चुकली. पोर्सेलिनच्या बुडाशी, धातूच्या लगत तपकिरी वलय दिसलं की समिती 'लीकेज' म्हणून ओरडते. ते उच्च व्होल्टेजमुळे चिकटलेले ऑईलचे कण, निरुपद्रवी डाग. खरी काळजी पोर्सेलिनवरच्या उभ्या काळ्या रेघेची. तिथून ठिणगीने बाहेरून पळ काढलाय, आणि त्या कॉइलचं रबरही बदलायला हवं.

नवा प्लग लावताना फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, फट बघा. पेट्रोलला साधारण 0.8 ते 1.1 मिलिमीटर, सीएनजीला त्याहून थोडी कमी, आणि नक्की आकडा गाडीच्या पुस्तकातला. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका, तो कितीही शाबूत दिसो. विहिरीत उतरवायला फूटभर रबरी नळी घ्या, प्लगच्या डोक्यावर चढवा आणि बोटांनी फिरवत आटे धरा. आटे चुकले तर नळी प्लगवर नुसती घसरते. पाना असा घसरत नाही. तो जोर करून चुकीचे आटे पाडतो, आणि मग हेड उतरवायची बोलणी सुरू होतात.

शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते सांगणाऱ्या पान्याने. 14 मिलिमीटर आट्याचा, वॉशरवाला प्लग आणि ॲल्युमिनियमचं हेड असेल तर 25 ते 30 न्यूटन-मीटर. रेंच नसेल तर हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. आट्यांना ग्रीस चोपडू नका. त्याने पाना हलका जातो आणि प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. ग्रीस हवंच असेल तर सिलिकॉनचं, कॉइलच्या रबराच्या आतल्या ओठाला, बोटभर.

बॅटरी जोडा, कोड पुसा, पेट्रोलवर चालू करा. बॅटरी काढलेली असल्याने पहिला काही वेळ इंजिन आयडलवर थोडं वरखाली करतं. ते सगळं नव्याने शिकतंय. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर प्रत्येक प्लगला सेकंदाला 25 ठिणग्या टाकायच्या आहेत, त्याला जरा वेळ द्या. मग सीएनजीवर टाका आणि भार घेऊन बोगद्याचा तोच चढ चढवा. रिकाम्या गाडीची चाचणी ही चाचणी नव्हे.

जादा कॉइल डॅशबोर्डच्या खणात ठेवा, सीटखाली नको, तिथे उंदीर आहेत. राहिले चार जुने प्लग. ते काका वर्तमानपत्रासकट गुंडाळून घेतात. "टाकता कशाला? घासून चालतील अजून." त्यांनी स्कूटर विकली त्याला पंधरा वर्षं झाली.