येतो-जातो दिवा आणि बाटलीतलं ऑइल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रागाने लिहिलीत, पण मुद्द्याचं लिहिलंत, म्हणून "धन्यवाद, मत मांडल्याबद्दल" एवढ्यावर ती संपवता येईना. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. मी लिहिलं होतं की डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा मधेच लागत-विझत असेल तर नुसतं ब्रेक ऑइल भरून गाडी पळवू नका, आणि दिवा लागला की गाडी तिथल्या तिथे थांबवा. त्यावर तुमचं म्हणणं असं: तुम्ही तीस वर्षं गाडी चालवताय, हा दिवा घोडबंदरच्या खड्ड्यांनी सेन्सर हलल्यामुळे लागतो, बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीत थोडं ऑइल टाकलं की विझतो, गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावला तरी एरर दिसत नाही, आणि माझ्यासारखे लोक वाचकांना घाबरवून गॅरेजवाल्यांची बिलं वाढवतात. पुढे तुम्ही लिहिलंय की तुमच्या स्वतःच्या गाडीत गणपतीपासून हा दिवा येतो-जातोय, दोनदा ऑइल टाकून तुम्ही तो घालवलाय, आणि दिवाळीत नातवंडांना घेऊन माळशेजमार्गे ओतूरला जायचंय.

हे शेवटचं वाचलं आणि उत्तर उद्यावर ढकलवेना.

आधी जिथे तुमचं बरोबर आहे ते. "माजिवड्याच्या पुलावर गाडी तिथल्या तिथे थांबवली तर मागून कंटेनर येऊन चिरडेल," असं तुम्ही लिहिलंत. अगदी खरं आहे. जेएनपीटीकडून गुजरातच्या दिशेने जाणारी अवजड वाहनं त्याच रस्त्याने जातात हे रोज बघत असूनही मी ते वाक्य तसं सरसकट लिहायला नको होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. दिवा लागला तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, चारही इंडिकेटर लावायचे, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवायचं आणि ब्रेक हलक्या पायाने दाबून बघायचा. पेडल नेहमीच्या उंचीवर घट्ट लागतंय, तर डाव्या बाजूला येत सुरक्षित जागा मिळेपर्यंत सावकाश जाता येतं. पेडल मऊ लागलं, नेहमीपेक्षा खाली गेलं किंवा दाबून धरल्यावर हळूहळू आत बसत गेलं, तर गिअर एकेक करून खाली आणायचे, हँडब्रेक झटक्याने न ओढता थोडा थोडा लावत कडेला थांबायचं आणि तिथून पुढे गाडी टो करूनच न्यायची.

आता खड्ड्यांचं. खड्ड्यांमुळे दिवा लागतो तो बहुतेक वेळा हँडब्रेकच्या स्विचमुळे. लाल दिवा एकच असतो, पण त्याला चालू करणाऱ्या वायरी किमान दोन: एक हँडब्रेकच्या दांड्याखालच्या स्विचची, दुसरी ब्रेक ऑइलच्या बाटलीतल्या फ्लोटची. दांडा पूर्ण खाली बसत नसेल किंवा स्विच सैल झाला असेल तर गाडी आदळली की दिवा लुकलुकतो. हे तपासायला गॅरेज लागत नाही. दिवा लागलेला असताना दांडा हाताने खाली दाबून धरायचा. विझला, तर दोष तिथेच आहे, आणि मग तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

माझ्या गाडीत ते तसं नव्हतं. दिवा पहिल्यांदा लागला तो आमच्या सोसायटीत, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये उतरताना. रॅम्प संपायच्या आधी मी ब्रेक दाबला, लाल दिवा लागला, खाली सपाटीवर आले आणि विझला. दुसऱ्या दिवशीपासून मी मोबाइलमध्ये नोंद ठेवायला लागले. अकरा दिवसांत नऊ वेळा लागला. सहा वेळा रॅम्पवर, दोनदा विटाव्याच्या रेल्वे पुलाकडे जाताना जोरात ब्रेक मारल्यावर, एकदा मुंब्रा बायपासच्या उतारावर. कासारवडवलीपासून कापूरबावडीपर्यंतच्या खड्ड्यांत, जिथे गाडीचा खिळा न् खिळा हलतो, तिथे एकदाही नाही.

ही नोंद हातात नसती तर मीही खड्ड्यांनाच दोष दिला असता. पण बघा, उतारावर गाडीचं नाक खाली असतं, आणि ब्रेक मारला की बाटलीतलं ऑइल पुढच्या बाजूला धावतं. फ्लोट म्हणजे लहान लोहचुंबक घेऊन तरंगणारा तुकडा. तो ठरावीक पातळीच्या खाली गेला की स्विच जुळतो आणि दिवा लागतो. पातळी भरपूर असेल तर ऑइल कितीही हिंदकळू दे, फ्लोट वरच राहतो. ती मिनिममच्या रेघेला टेकलेली असेल तर प्रत्येक उतार आणि प्रत्येक ब्रेक त्याला क्षणभर खाली पाडतो. म्हणजे माझा दिवा येत-जात होता, पण दोष येत-जात नव्हता. ऑइल कमी झालेलं होतं, चोवीस तास.

मग ते गेलं कुठे? मूळ लेखात मला एवढंच विचारायचं होतं, आणि तुमच्या प्रतिक्रियेत याचंच उत्तर नाही. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, कूलंट थोडं उडतं, वायपरचं पाणी आपण वापरतो. ब्रेक ऑइल यातलं काहीच करत नाही. ते बंद नळ्यांमधून फक्त दाब पोचवतं. कमी झालं तर दोनच गोष्टी असू शकतात. एक, पुढची चाकं थांबवण्यासाठी दाबले जाणारे पॅड झिजलेत. पॅड पातळ होतो तसा त्याला दाबणारा, कॅलिपरमधला पिस्टन बाहेर सरकतो, मागे झालेली जागा ऑइल भरून काढतं आणि बाटलीतली पातळी उतरते. यात ऑइल कुठे सांडलेलं नसतं, गाडी सांगत असते की पॅड बघा. दोन, ते कुठून तरी बाहेर जातंय.

पहिल्या कारणात बाटली भरली तर निरोप पुसला जातो. वर, नवे पॅड घालताना पिस्टन मागे दाबला की जास्तीचं ऑइल बाटलीतून उसळून बॉनेटखालच्या रंगावर पडतं, आणि हे ऑइल रंग खातं. दुसऱ्या कारणात बाटली भरणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतत राहणं.

मीही भरली होती, काका. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं, बाटली मॅक्सिममपर्यंत भरली आणि "झालं मॅडम, सेन्सर नाटकं करत होता" असं सांगितलं. दिवा गेला. एकोणीस दिवसांनी त्याच रॅम्पवर परत आला. पॅड एकोणीस दिवसांत इतके झिजत नाहीत, एवढं तर मलाही कळत होतं.

दुसरा मेकॅनिक वागळे इस्टेटमधला. त्याने बाटलीला हातसुद्धा लावला नाही, आधी चारही चाकं काढली. पुढचे पॅड दोन मिलिमीटरवर आलेले, म्हणजे बदलायची वेळ टळून गेलेली. तीन मिलिमीटरला बदलावेत असं साधारण धरतात. पण तो थांबला तो डाव्या मागच्या चाकापाशी. ड्रम, म्हणजे ब्रेकवरचं गोल झाकण, काढल्यावर आतल्या शूवरची धूळ इतर चाकासारखी कोरडी, राखाडी नव्हती. खालच्या अर्ध्या भागात ती काळ्या लगद्यासारखी चिकटून बसली होती. त्याने शूला ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबर स्क्रू ड्रायव्हरने किंचित उचललं, आणि आतून एक थेंब आला, धातूवरून ओघळला, मग दुसरा. माझ्या डोळ्यांसमोर. बाहेरून टायर कोरडा, पार्किंगच्या फरशीवर डाग नाही, कारण गळलेलं सगळं ड्रमच्या आत शूवर मुरत होतं. जो शू चाकाला धरून ठेवायचा, तोच तेलकट झालेला. सिलिंडर बदलला, मागचे शू दोन्ही बाजूंचे नवे घातले, पुढचे पॅड घातले, जुनं ऑइल काढून नवं भरलं, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. त्या चाकाचा ब्रेक कधीपासून अर्धवट लागत होता हे मला पायाला कळलंच नव्हतं.

तुम्ही लिहिलंत की पूर्वीच्या गाड्यांत असले दिवे नव्हते, तुम्ही पायानेच ब्रेक ओळखायचात. या बाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे. दिव्याला फार थोडं कळतं. फ्लोट फक्त पातळी बघतो. पेडल दाबलं की ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरची आतली रबरं गेली तर सिग्नलला उभं असताना पेडल हळूहळू खाली बसतं, पण ऑइल आतल्या आत फिरतं, पातळी तीच राहते, दिवा गप्प. ऑइल जुनं होऊन त्यात पाणी मुरलं असेल तरी दिवा गप्प. मास्टर सिलिंडरचं तुमच्या पायालाच आधी कळेल. उलट माझ्या मागच्या चाकाचं दिव्याला कळलं, पायाला नाही. मला दोन्ही हवेत.

ऑइलमध्ये पाणी मुरण्याचं इथेच सांगते, कारण तुमच्या वाटेत घाट आहे. डॉट ३ आणि डॉट ४ ही ऑइलं हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि आपल्याकडे ओलावा काय कमी आहे? नवीन डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. तेच पाणी मुरलेलं असताना मानकात किमान १५५ अंश धरलंय. ओतूरला जाताना माळशेज चढायचाय, म्हणजे त्रास नाही; परत येताना उतरायचाय, भरलेल्या गाडीनिशी. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ऑइल तापतं, उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, दाब पुढे पोचवत नाही. पेडल एकदम पोकळ लागतं. म्हणून ऑइल बदलून दोन वर्षं झाली असतील तर घाटाआधी बदला, आणि बाटलीच्या झाकणावर लिहिलेलंच वापरा. जी अर्धी बाटली कपाटात उघडी पडून आहे, ती वापरू नका.

स्कॅनरचा मुद्दा राहिला. एरर दिसली नाही म्हणजे दोष नाही, हे इथे लागू पडत नाही. बऱ्याच गाड्यांत फ्लोटची वायर सरळ दिव्याकडे जाते, संगणक त्याची नोंदच ठेवत नाही. आणि मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर बहुतेक इंजिनचेच कोड वाचतात, ब्रेकचे नाहीत.

पिवळ्या एबीएसच्या दिव्याची गोष्ट वेगळी, आणि तिथे तुमचं "सेन्सर" बऱ्याचदा बरोबर निघतं. विटाव्याला किंवा ठाण्यात वंदना टॉकीजपाशी साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की चाकाजवळची वायर किंवा कनेक्टर कुरकुरतो. तेव्हा साधा ब्रेक लागतो, फक्त चाक लॉक होऊ न देणारी सोय बंद असते. पावसात तेवढंच जपायचं. लाल आणि पिवळा दोन्ही एकदम लागले तर मात्र ते हलकं घेऊ नका. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची वाटणी करणारी यंत्रणाही बंद झालेली असू शकते, आणि जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते.

बिल वाढवण्याबद्दल एकच म्हणते. चाकं उघडून बघायला मेकॅनिकने माझ्याकडून पाचशे रुपये घेतले. मी त्यात "काय बदलायचं" नाही विचारलं, "ऑइल कुठे गेलं ते दाखव" म्हटलं. दाखवता येत असेल तर पैसे द्यायचे, नसेल तर नाही.

आता तुमच्या गाडीकडे वळते. गणपतीपासून दोनदा भरलंत, म्हणजे पातळी दोनदा उतरली. एवढ्या दिवसांत दोनदा उतरते ती नुसत्या पॅडमुळे असेल असं मला वाटत नाही. या रविवारी गाडी सपाट जागी लावून, मोबाइलचा टॉर्च बाटलीच्या मागून धरून पातळी कुठे आहे ते बघा आणि मार्करने रेघ मारून ठेवा. भरू नका. मग मेकॅनिककडून मागची दोन्ही चाकं उघडून घ्या, रबर उचलून बघायला सांगा, आणि तिथे स्वतः उभे राहा. चाकं कोरडी असतील तर मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, जोडलाय तो सांधा बघायला सांगा, तिथलं गळणं बूस्टरच्या आतच साठतं आणि बाहेर काही दिसत नाही. क्लच हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा, असेल तर तोही, कारण पुष्कळ गाड्यांत तो याच बाटलीतून ऑइल घेतो. क्लच पेडलच्या वरच्या बाजूला हात लावून ओलं लागतंय का ते तुम्हालाच बघता येईल.

आणि खरंच नुसता फ्लोट अडकलेला निघाला, तर इथे येऊन तसं लिहा. मी ते मूळ लेखात वरच्या बाजूला घालेन. ओलं निघालं तरी लिहा, कुठल्या चाकाचं ते. ओतूरला निघायच्या आधी.